सायकलची ट्यूब उन्हात का फुटते?

मित्रांनो, मे महिन्यात जालन्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. अशा दुपारी तुम्ही मोसंबीच्या बागेतून घरी आलात, सायकल उन्हातच लावली आणि जेवायला बसलात. तेवढ्यात अंगणात फाट्‌कन आवाज! सकाळीच टिच्चून हवा भरली होती, आणि आता चाक बसलेलं. कुणाची ही खोडी?

ही खोडी वायूच्या नियमाची! कोंडलेल्या वायूच्या चार गोष्टी लक्षात ठेवायच्या : दाब, आकारमान, तापमान आणि वायू किती आहे ते प्रमाण. पुस्तकात एकीकडे लिहिलेलं असतं, ‘दाब वाढला की आकारमान घटते.’ दुसरीकडे, ‘तापमान वाढले की आकारमान वाढते.’ तिसरीकडे, ‘तापमान वाढले की दाब वाढतो.’ मग खरं कोणतं? तिन्ही खरी! फक्त दर वेळी विचारायचं, ‘बाकीचं काय स्थिर ठेवलंय?’

करूनच पाहा. सुई नसलेल्या नव्या सिरिंजचं तोंड बोटानं दाबा आणि दट्ट्या आत ढकला. हवा तेवढीच, तापमान तेच. जागा कमी झाली म्हणून दाब वाढला. बॉइलने हे १६६२ साली मांडलं. आता रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुगा चढवून ती गरम पाण्यात धरा. फुगा उभा राहतो! इथे हवेला पसरायला मोकळीक आहे, म्हणून दाब जवळजवळ तोच राहून आकारमान वाढलं.

ट्यूबला मात्र टायरनं आवळलेलं असतं. पसरायला जागा नाही, म्हणून उष्णतेनं दाबच वाढतो. किती? सकाळी हवा २७ अंश, उन्हात ५७ अंश असं धरू. तापमान दुपटीहून जास्त झालं म्हणून दाबही दुप्पट? छे! इथे सेल्सिअस चालत नाही. २७३ मिळवून केल्विन करा : ३०० आणि ३३०. म्हणजे वाढ फक्त दहा टक्के. पंपाच्या काट्यावर दर चौरस इंचाला ४० पौंड दिसत असतील, तर बाहेरच्या हवेचे सुमारे १४ मिळवून खरा दाब ५४. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे जवळजवळ साडेपाच पौंड वाढले.

धडधाकट टायर एवढं सहज सोसतो. झिजलेला, वर टिच्चून भरलेला असेल तर मात्र दगा देतो. म्हणून उन्हाळ्यात हवा बेतानं भरा आणि सायकल सावलीत लावा.

आता तुम्हीच सांगा : थंडीच्या पहाटे तीच चाकं थोडी मऊ का लागतात? उत्तरापूर्वी आपला प्रश्न विसरू नका : स्थिर काय आहे?