नांदेडमध्ये २४ तासांत २४ मृत्यू : हा आकडा वाचायचा कसा?

३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढच्या २४ तासांत आणखी ७ मृत्यू झाले. ३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. व्हिडिओ व्हायरल झाला, खासदारांवर गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

झाडू हातात देऊन कुणाचा राग शांत झाला असेल, पण बाळं का गेली ते त्यातून कळलं नाही. ते शोधायची एक वेगळी विद्या आहे, साथरोगशास्त्र. नावात साथ असली तरी ती फक्त कॉलरा आणि कोरोनापुरती नाही.

साथरोगतज्ज्ञ पहिला प्रश्न विचारतो, कितीपैकी २४? १०० रुग्णांमागे २४ आणि १००० मागे २४ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नांदेडला मंजूर खाटा ५०० च्या आसपास होत्या, दाखल रुग्ण त्याच्या जवळपास दुप्पट. दुसरा प्रश्न, इथे एरवी रोज किती जण दगावतात? तो आकडा माहीत नसेल तर त्या दिवशी काही वेगळं घडलं की रोजचंच फक्त बातमीत आलं, हे सांगताच येत नाही. आणि रोजचंच असेल, तर ते जास्त भयंकर.

मग कोण, कुठून, कधी? नांदेडला हिंगोली, यवतमाळचा काही भाग आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. खासगी दवाखान्यांतून अत्यवस्थ अवस्थेत पाठवलेले बरेच होते, असं सरकारचं म्हणणं होतं. कॅलेंडरही बघायला हवं. २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, २९ ला ईदची सुट्टी, मग शनिवार-रविवार, सोमवारी गांधी जयंती. सलग पाच दिवस खासगी दवाखाने किती उघडे होते, आणि सरकारी वॉर्डात रात्री कोण होतं?

रात्री बहुतेक वेळा निवासी डॉक्टर असतात. केंद्राच्या १९९२ च्या योजनेनुसार त्यांची ड्युटी सलग १२ तासांपेक्षा जास्त नसावी. ३६ तासांच्या ड्युटीच्या तक्रारी मात्र आजही होतात. थकलेल्या डॉक्टरचा परिणामही मोजता येतो, कुणी मोजायचं ठरवलं तर.

मोजणारे तयार होतात मेडिकल कॉलेजच्या जनऔषधशास्त्र विभागात, म्हणजे पीएसएममध्ये. नांदेड-लातूरला नीटच्या क्लासेससाठी राज्यभरातून पोरं येतात. स्वप्न असतं सर्जरी, मेडिसिन, रेडिओलॉजीचं. पीएसएमला प्रॅक्टिस नाही, म्हणून ती शाखा बहुतेकांच्या यादीत शेवटी. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांतही निवासी डॉक्टरांसाठी 'वाजवी' कामाचे तास एवढंच म्हटलंय, किती तास ते लिहिलेलं नाही.