गुडघ्याची रक्तवाट

छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला सगळा मराठवाडा 'घाटी' म्हणूनच ओळखतो. इथल्या शरीररचनाशास्त्र विभागात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलं-मुली विच्छेदनाच्या टेबलाभोवती उभी राहतात. गुडघ्याची मागची बाजू शिकायची पाळी आली की देह पालथा केला जातो. कातडी बाजूला होते आणि चिमट्यानं चरबी काढत काढत शोध सुरू होतो. आधी जाडसर मज्जातंतू लागतो, त्याच्या खाली नीला आणि अगदी तळाशी, हाडाला लागून, धमनी. जिवंत माणसाच्या गुडघ्यामागे नाडी चटकन का लागत नाही, हे तिथं डोळ्यांनी दिसतं. डॉक्टर गुडघा थोडा वाकवायला सांगतात आणि दोन्ही हातांची बोटं मागून खोल दाबतात, तेव्हा कुठे ठोका जाणवतो.

1956 साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाच्या रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून येणाऱ्यांत गुडघ्याचे रुग्ण रोजचेच. कुणाचा गुडघा दुचाकीवरून पडून सुजलेला, कुणाचा वयानं कुरकुरणारा. तक्रारही ठरलेली: 'गादी झिजली' किंवा 'वंगण संपलं'. गुडघ्यातला कोणता भाग बरा होणार आणि कोणता नाही, हे बऱ्याच अंशी एकाच गोष्टीवर ठरतं: त्या भागापर्यंत रक्त किती पोहोचतं.

हे रक्त जांघेतून येतं. मांडीची मोठी धमनी आतल्या बाजूनं स्नायूंमधल्या एका बोगद्यातून खाली उतरते. मांडीच्या आतल्या मोठ्या स्नायूला शेवटी एक भोक असतं, त्यातून ती मागे जाते आणि तिथून तिचं नाव बदलतं. गुडघ्यामागची ही पॉप्लिटिअल धमनी. पोटरीच्या सुरुवातीला ती दुभंगते, पण त्याआधी गुडघ्याला पाच फांद्या देते. दोन वरच्या, दोन खालच्या आणि एक मधली. वरच्या दोन मांडीच्या हाडाला आतून-बाहेरून वळसा घालून पुढे येतात, खालच्या दोन नडगीच्या माथ्याजवळून. बाहेरची खालची फांदी तर दोन हाडांमधल्या बाहेरच्या गादीच्या कडेला इतकी जवळ असते, की त्या गादीवर शस्त्रक्रिया करताना सर्जन तिच्यावर लक्ष ठेवून असतो.

एवढ्यावर भागत नाही. वरून मांडीच्या धमन्यांच्या दोन फांद्या उतरतात, खालून नडगीकडे गेलेल्या धमनीची एक फांदी उलटी वर चढते. या सगळ्या फांद्या गुडघ्याच्या वाटीभोवती एकमेकींना मिळतात आणि त्यांचं जाळं तयार होतं. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली तेव्हा डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीनं गावात आणलं आणि पुढच्या राज्यकर्त्यांनी आणखी नहरी खोदल्या. घाटीपासून जवळच असलेल्या पाणचक्कीचं पाणीही अशाच नहरीचं. गुडघ्याची सोय त्याच धर्तीची आहे, फक्त इथल्या वाटा शेवटी एकमेकींना जोडलेल्या आहेत.

इतक्या वाटा लागतात, कारण गुडघा वाकतो. माणूस उकिडवा बसला, मांडी घालून पंगतीत जेवला किंवा शेतात बसून खुरपणी केली, की मागची मुख्य धमनीही गुडघ्याबरोबर दुमडते. अशा वेळी पोटरी आणि पावलाकडचं रक्त चालू ठेवायला बाजूच्या फांद्या हातभार लावतात.

या जाळ्यावर भरवसा ठेवून केलेली सर्वांत गाजलेली शस्त्रक्रिया लंडनमधली. त्या काळी घोडागाडी हाकणाऱ्यांमध्ये गुडघ्यामागची धमनी फुगण्याचा आजार वरचेवर दिसे. फुगा फुटला की मृत्यू, नाहीतर पाय कापणं. डिसेंबर 1785 मध्ये सेंट जॉर्ज रुग्णालयात जॉन हंटर यांनी 45 वर्षांच्या एका गाडीवानाच्या फुग्याला हातच लावला नाही. त्यांनी वर मांडीत निरोगी धमनी बांधली. मुख्य वाट बंद झाली तरी बाजूच्या फांद्या पाय जगवतील, हा त्यांचा हिशोब होता. तो खरा ठरला. सुमारे सहा आठवड्यांनी गाडीवान घरी गेला. मांडीतल्या त्या बोगद्याला आजही 'हंटरचा कॅनॉल' म्हणतात आणि तोंडी परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न येतो.

गुडघ्याच्या आत मात्र चित्र वेगळं आहे. पाचांपैकी मधली फांदी मागून सांध्याचं आवरण भेदून आत शिरते आणि आतल्या दोन फुलीसारख्या अस्थिबंधांना व सांध्याच्या अस्तराला रक्त देते. कबड्डी किंवा फुटबॉल खेळताना 'लिगामेंट तुटलं' म्हणतात, ते बहुधा यातलं पुढचं. त्याला रक्त मिळतं, तरी तुटल्यावर ते आपोआप क्वचितच जुळतं. तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी धरायला हवी, पण सांध्यातल्या द्रवात ती टिकत नाही.

गादीची गोष्ट आणखी बोलकी. 1982 मध्ये आर्नोक्झकी आणि वॉरेन या अमेरिकी संशोधकांनी गुडघ्याच्या गाद्यांमधल्या रक्तवाहिन्या शोधून दाखवल्या. आतल्या बाजूच्या गादीत बाहेरच्या कडेचा 10 ते 30 टक्के भागच रक्तवाहिन्यांचा निघाला आणि बाहेरच्या गादीत 10 ते 25 टक्के. बाकीचा भाग रक्ताविना. म्हणून सर्जन गादीचे लाल आणि पांढरे पट्टे मानतात. कडेला, लाल पट्ट्यात फाटलेली गादी टाके घालून जुळण्याची शक्यता चांगली. आतल्या पांढऱ्या काठाला फाटली तर टाके धरणं अवघड, तेव्हा बऱ्याचदा फाटका तुकडाच कापून काढावा लागतो.

हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत तर रक्तवाहिनी मुळीच नसते. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पावलावर भार आला आणि गेला, की हा द्रव कूर्चेत झिरपतो आणि बाहेर येतो. लोक ज्याला वंगण म्हणतात तोच कूर्चेचा आहारही आहे. त्यामुळे दुखतं म्हणून महिनोन्‌महिने पाय हलवायचाच नाही, हा उपाय कूर्चेला मानवत नाही. आणि एकदा झिजलेली कूर्चा पूर्ववत भरून का येत नाही, त्याचं मोठं कारणही रक्तवाहिन्यांचा हा अभावच.

वाटीचं रक्त बहुतांशी मधून आणि खालच्या टोकाकडून वर चढतं, हे इटलीच्या स्कापिनेल्ली यांनी 1967 मध्ये दाखवलं. वाटी आडवी मोडली की वरच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं, ते यामुळे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत नेहमीचा छेद वाटीच्या आतल्या कडेनं जातो आणि त्या बाजूच्या फांद्या कापल्या जातात. त्यातच बाहेरची बाजूही सैल करावी लागली, तर सर्जन बाहेरची वरची फांदी शक्यतो राखतो.

याच फांद्यांवर अलीकडे उलटा प्रयोगही सुरू झाला आहे. झिजेनं दुखणाऱ्या गुडघ्यात अस्तराभोवती नको तितक्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. जपानचे युजी ओकुनो आणि सहकाऱ्यांनी जांघेतून बारीक नळी घालून त्या बुजवल्या आणि काही रुग्णांचं दुखणं कमी झाल्याचं 2015 च्या सुमारास मांडलं. हा उपाय कुणाला किती काळ पुरतो, याचा अभ्यास अजून चालू आहे.

हंटरच्या गाडीवानाला जाळ्यानं वाचवलं, तरी हे जाळं अपघातात पुरं पडत नाही. फुगा हळूहळू वाढतो, तोवर बाजूच्या फांद्या रुंद होत जातात. अपघातात तेवढी सवड मिळत नाही. गुडघ्यामागची धमनी वर स्नायूच्या भोकाशी आणि खाली पोटरीच्या स्नायूच्या कमानीशी जखडलेली असते. सांधा निखळला की ती मधल्या मध्ये ताणली जाते, आतून फाटते किंवा तुटते. ग्रीन आणि ॲलन यांच्या 1977 च्या अभ्यासात आठ तासांच्या आत धमनी दुरुस्त झालेल्यांपैकी 89 टक्के पाय वाचले. त्यापुढे उशीर झालेल्यांपैकी 86 टक्के पाय कापावे लागले.

निखळलेला गुडघा कधी कधी रस्त्यावरच आपोआप जागेवर बसतो आणि एक्स-रेत हाड शाबूत दिसतं. म्हणून धुळे-सोलापूर महामार्गावर असो की गावच्या पांदीत, दुचाकीवरून पडून गुडघ्याला जबर मार लागला, तर पाऊल गार किंवा पांढरं पडलंय का, बोटं बधिर झालीत का, हे लगेच पाहावं. चोळणं, ओढून बसवणं, हाडवैद्याकडे रात्र काढणं टाळावं. पावलात नाडी लागली तरी धमनीला इजा असू शकते, म्हणून धमनीची तपासणी आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयातच न्यावं आणि अपघात किती वाजता झाला, हे डॉक्टरांना पहिल्यांदा सांगावं.