मणक्यातील दुर्मिळ गाठी आणि पहिल्या सुईचा प्रश्न

पाठीच्या कण्यात आढळणाऱ्या बहुतेक कर्करोगी गाठी तिथल्या नसतातच. स्तन, फुप्फुस, पुरःस्थ ग्रंथी, मूत्रपिंड किंवा थायरॉइड यांतील कर्करोग रक्तावाटे मणक्यात येऊन रुजलेला असतो. मणक्याच्या हाडातच उगम पावणाऱ्या, म्हणजे प्राथमिक कर्करोगी गाठी फार थोड्या असतात, आणि त्यांतील कॉर्डोमासारखी गाठ तर वर्षाला दहा लाख माणसांमागे साधारण एकालाच होते. गाठ दुर्मिळ असली तरी तिचे पहिले लक्षण अगदी रोजच्या परिचयाचे, कंबर किंवा पाठ दुखण्याचे असते. त्यामुळे उपचारातील कौशल्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, तिची गाठ म्हणून ओळख कधी पटते यालाच किंमत येते.

ही ओळख कशी लांबते ते पाहण्यासाठी हुबळी आणि धारवाड यांना जोडणाऱ्या रस्त्यावरचे रायापूर घेऊ. त्याच्या एका बाजूला नवनगरची कर्करोग उपचार संस्था, दुसऱ्या बाजूला सत्तूरचे एसडीएम वैद्यकीय महाविद्यालय आणि हुबळी शहरात १९५७ साली सुरू झालेले, लोकांच्या तोंडी ‘किम्स’ म्हणून रुळलेले सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. उत्तर कर्नाटकातील कन्नड आणि मराठी बोलणारे रुग्ण जिथे येतात अशा या पट्ट्यात, आणि खरे तर भारतात कुठेही, मणका झिजलेला दिसला की डॉक्टरांच्या मनात प्रथम क्षयाचा विचार येतो. तो गैर नाही: जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि हाडांच्या क्षयात सर्वाधिक वेळा मणकाच सापडतो. अडचण येते ती संशयालाच निदान मानून वर्षभराची औषधे सुरू होतात तेव्हा. विश्रांती आणि पट्टा यांनी दुखणे काही काळ उतरते, औषध लागू पडले असे घरच्यांना वाटते आणि गाठ मात्र वाढत राहते.

एमआरआय क्षय आणि गाठ या दोहोंत फरक करण्यास बरीच मदत करतो. क्षय सहसा शेजारच्या दोन मणक्यांच्या कडांना धरतो, मधली गादी खातो आणि आजूबाजूला पू साठवतो. गाठ बहुधा एकाच मणक्यात राहते आणि गादी शाबूत ठेवते. हा नियम उपयोगी असला तरी पक्का नाही, कारण क्षय कधी एकाच मणक्यात किंवा त्याच्या मागच्या कमानीतच बसतो, तर कॉर्डोमा गादी ओलांडूनही पसरू शकतो. म्हणून सीटी स्कॅनच्या आधाराने सुई घालून आतला तुकडा काढणे, म्हणजे बायोप्सी, टाळता येत नाही. त्या तुकड्याचा एक भाग पेशींच्या तपासणीला आणि दुसरा क्षयाच्या जंतूंच्या तपासणीला पाठवावा, एवढी साधी दक्षता पुष्कळ घोटाळे वाचवते.

या सुईची वाट मात्र कोणी ठरवावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. गाठीच्या पेशी सुईच्या मार्गात सांडू शकतात, त्यामुळे पुढे गाठ काढताना तो मार्गही तिच्यासोबत कापून काढावा लागतो; माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतील गाठीला गुदाशयातून सुई घातली, तर निरोगी गुदाशयही शस्त्रक्रियेच्या कक्षेत येतो. जो चमू अखेरची शस्त्रक्रिया करणार, त्यानेच किंवा त्याच्या सल्ल्याने बायोप्सी व्हावी, हा आग्रह त्यातूनच आला आहे. दुखते आहे म्हणून मणका उघडून ‘दिसेल तेवढे’ खरवडणे हे अशा गाठींत सर्वांत महाग पडणारे काम आहे. अपवाद एवढाच की मज्जारज्जू दाबला जाऊन पायांतील बळ झपाट्याने जात असेल किंवा लघवी अडली असेल, तर दाब तातडीने कमी करावा लागतो.

नेमके निदान झाल्यावर कधी शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही. मणक्यातील रक्तवाहिन्यांची गाठ, हेमँजिओमा, इतकी सर्रास आढळते की बहुतेक वेळा ती चित्रावरूनच ओळखून तशीच सोडून देतात. तरुण मुलाची पाठ रात्री ठणकते, अ‍ॅस्पिरिनने लगेच थांबते आणि कणा एका बाजूला वाकतो, तेव्हा ऑस्टिऑइड ऑस्टिओमाची शंका येते, आणि ही लहानशी गाठ सुईतून उष्णता देऊन जाळता येते. लिंफोमा आणि इविंग सार्कोमा यांत केमोथेरपी आधी येते. महाकोशिका गाठीत हाड खाणाऱ्या पेशींना रोखणारे डेनोसुमॅब हे औषध गाठ आटोक्यात आणते, पण ते थांबवल्यावर ती पुन्हा उसळू शकते.

कॉर्डोमाची गोष्ट वेगळी आहे. गर्भावस्थेत कण्याचा आधार असलेल्या नोटोकॉर्ड या दोरीचे अवशेष शरीरात उरतात, त्यांतून ही गाठ निपजते. म्हणूनच ती मुख्यतः कण्याच्या दोन टोकांना, त्रिकास्थीत आणि कवटीच्या तळाशी दिसते. ब्रॅकियुरी या प्रथिनाची खूण पेशींत सापडली की निदान पक्के होते. ती इतकी संथ वाढते की बसताना होणारे दुखणे आणि बद्धकोष्ठ यांवर वर्षानुवर्षे मूळव्याधीची औषधे चालतात, जरी गुदमार्गाची बोटाने केलेली तपासणी अनेकदा ती उघड करू शकली असती. नेहमीच्या केमोथेरपीला ती दाद देत नाही; गाठ न फोडता, सभोवतीच्या निरोगी ऊतींच्या वेष्टनासह अखंड काढणे हाच तिचा मुख्य उपाय आहे. त्याची किंमत नसांच्या हिशेबात मोजावी लागते: दोन्ही बाजूंच्या दुसऱ्या त्रिक-नसा आणि निदान एका बाजूची तिसरी वाचली, तर मलमूत्रावरचा ताबा बहुतेकांचा टिकतो, त्याहून वर कापावे लागले तर तो जातो, आणि हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगणे शल्यवैद्याचे कर्तव्य ठरते.

गाठीचा अंश उरला किंवा ती काढण्याजोगी नसली, तर किरणांची मात्रा फार मोठी लागते, आणि मज्जारज्जू शेजारीच असल्याने प्रोटॉन किरणांचा उपयोग होतो, कारण ते ठरावीक खोलीवर ऊर्जा सोडून जवळपास थांबतात. ही सोय चेन्नईत २०१९ पासून आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या मुंबईजवळील खारघर केंद्रात २०२३ पासून आहे. हुबळीहून मुंबईला निघणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि तिसऱ्या वातानुकूलित वर्गात भाडे पडत नाही, ही माहिती अनेक घरांत पोहोचलेली नसते. त्याहून अधिक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ठोकळा. नुसता कागदी अहवाल घेऊन गेलेल्या रुग्णाची गाठ तिथल्या तज्ज्ञांना नव्याने पाहता येत नाही आणि पुन्हा सुई घालण्याची वेळ येते, म्हणून हे दोन्ही आपल्या प्रयोगशाळेतून मागून घेऊनच निघावे.