खमंग भाजून घेणे

थालीपिठाच्या भाजणीची नोंद त्या वहीत जेमतेम चार ओळींची आहे. पहिल्या तीन ओळींत धान्यं: ज्वारी चार वाट्या, बाजरी दोन, तांदूळ दोन, चण्याची डाळ दोन, उडदाची डाळ एक, गहू एक, धणे एक, जिरं अर्धी. चौथी ओळ म्हणजे 'सर्व वेगवेगळे खमंग भाजून घेणे व दळून आणणे.' आच किती, वेळ किती, कढई कोणती, यातलं काहीही नाही. डोंबिवलीतल्या ज्या स्वयंपाकघरात या वहीवरून भाजणी होताना पाहिली, तिथे निम्म्याच प्रमाणाला 'खमंग भाजून घेणे' या तीन शब्दांसाठी पाऊण तास लागला. वही सासूबाईंची, त्या आता नाहीत. भाजणारी त्यांची सून, स्वतः साठीच्या पुढची. हाताशी तिची मुलगी. तीन शब्द आणि पाऊण तास यांच्यातल्या या अंतराकडे बोट दाखवून सहसा म्हटलं जातं, की जुन्या बायकांच्या वह्या अपुऱ्या असतात, सगळं 'अंदाजे' असतं, नव्या माणसाला त्यावरून काही करता येत नाही. मला हे म्हणणं पटत नाही. या वह्यांत मोजमाप आहे, आणि ते नेमकं आहे. फक्त काय मोजायचं आणि काय नाही, याची निवड फार विचारानं केलेली आहे.

आधी प्रत्यक्ष काम. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, कारण दाण्याचा आकार आणि त्यातला ओलावा सारखा नसतो. ज्वारी तापली की तडतडते, काही दाण्यांच्या लाह्या फुटतात. तांदूळ आधी पांढराफटक होऊन फुगतो, मग त्यावर गुलाबीसर छटा येते. चण्याची डाळ जाड, तिला सगळ्यात जास्त वेळ. वरून तांबूस दिसली तरी आतून कच्ची राहू शकते, म्हणून दोन दाणे दाताखाली घेऊन पाहायचे. उडदाची डाळ याच्या उलट, ती क्षणात करपते. धणे-जिरं शेवटी, मंद आचेवर. मुलगी कढईपाशी होती आणि हातात फोन घेऊन विचारत होती, "आई, मिनिटं किती लावू?" आई पाठमोरी, ओट्याच्या दुसऱ्या टोकाला धणे निवडत होती. "मिनिटं नको गं लावू, वास बघ," एवढं म्हणून ती कामात राहिली. थोड्या वेळानं मान न वळवताच म्हणाली, "उतरव." कढईत उडदाची डाळ होती. मुलीला तोवर वासात काही फरक जाणवला नव्हता. डाळ परातीत ओतल्यावर तिचा रंग पाहून तिला कळलं, की आणखी थोडा उशीर झाला असता तर ती गेलीच असती. त्या पाऊण तासातलं खरं ज्ञान मला या एका शब्दात दिसलं, आणि वहीत ते का नाही याचं उत्तरही.

धान्य भाजताना दोन गोष्टी घडतात. दाण्यातला ओलावा उडतो, म्हणून भाजणीचं पीठ साध्या पिठापेक्षा जास्त टिकतं. आणि पुरेशी उष्णता पोचली, की दाण्यातली प्रथिनं आणि शर्करा यांच्यात ती अभिक्रिया सुरू होते जिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई मेलार यानं 1912 मध्ये केलं. तांबूस रंग आणि तो वास तिच्यातूनच येतो. ओलावा बराचसा गेल्याशिवाय दाण्याचा पृष्ठभाग तेवढा तापत नाही, म्हणजे वास कधी सुटेल हे धान्य किती ओलं आहे यावर ठरतं. श्रावणातली ज्वारी आणि उन्हं खाल्लेली वैशाखातली ज्वारी यांना सारखा वेळ लागणार नाही. लोखंडी कढईत आणि पातळ भांड्यातही लागणार नाही. त्यातून वहीची सुरुवात झाली तेव्हा त्या घरात कोळशाची शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह होता, आज गॅस आहे. सासूबाईंनी 'उडदाची डाळ सात मिनिटे' असं लिहून ठेवलं असतं तर ती सूचना शेगडीबरोबरच निकालात निघाली असती. त्यांनी विस्तवाबद्दल काहीच लिहिलं नाही. दाणा कोणत्या अवस्थेला पोचायला हवा ते लिहिलं. विस्तव बदलला, भांडं बदललं, गाव बदललं तरी ती अवस्था तीच राहते. अशी सूचना ढोबळ कशी म्हणायची?

साखरेच्या पाकाचंही हेच आहे. वहीत रव्याच्या लाडवाला 'एकतारी पाक' आहे, तापमान नाही. पाकात साखर किती दाट झाली आहे त्यावर तो कोणत्या अंशाला उकळेल हे ठरतं, आणि उंचीवर तोच अंश खाली येतो: महाबळेश्वरला, सुमारे 1350 मीटरवर, नुसतं पाणीसुद्धा 95-96 अंशांच्या आसपास उकळतं. मुंबईत लिहिलेला अंशाचा आकडा तिथे फसवेल. बोटांच्या चिमटीत येणारी तार मात्र थेट दाटपणाच सांगते, आणि लाडू वळायला दाटपणाच हवा असतो.

पण जिथे इंद्रियांना वेळेत काही कळत नाही, तिथे हीच वही एकदम कडक होते, आणि माझ्या म्हणण्याला खरा आधार इथे आहे. चकलीच्या पानावर 'चार वाट्या भाजणीस पाव वाटी कडकडीत तेल' असं लिहून त्याखाली रेघ ओढलेली आहे. मोहन जास्त झालं तर चकली कढईत विरते, कमी झालं तर दगड होते, आणि दोन्ही गोष्टी समजतात त्या पीठ भिजवून झाल्यावर, पहिला घाणा तेलात पडल्यावर. कैरीच्या लोणच्याला 'फोडी एक शेर, मीठ पावशेर'. पुढे लिंबाच्या लोणच्यालाही असाच आकडा. मीठ कमी पडल्याचं पहिल्या दिवशी जिभेला कळत नाही, बरणीवर बुरशी दिसते तेव्हा कळतं. भाजणीतल्या धान्यांची प्रमाणंही आकड्यांत आहेत, कारण उडीद कमी पडला तर थालीपीठ थापताना तुटतं आणि तोवर सगळं दळून डब्यात गेलेलं असतं. उलट भाजण्याला आकडा नाही, आमटीच्या मिठाला नाही, फोडणीला नाही, कारण तिथे चूक होण्याआधी नाक, कान, जीभ सांगतात. जिच्याकडे अंदाजाशिवाय काही नव्हतं अशा बाईनं ही विभागणी केली असती असं मला वाटत नाही. पिठलं, भात, भाकरी, वांग्याची भाजी, म्हणजे त्या घरात रोज शिजणारं जवळजवळ काहीच या वहीत सापडत नाही, याचंही कारण तेच. रोज हाताखालून जाणारं लिहावं लागत नाही. वर्षातून एकदा होणाऱ्या गोष्टींचे आकडे विसरतात, तेवढे लिहिले.

आता हे आकडेच सगळ्यात आधी जुने होतात, ही गंमत नव्हे, गंभीर गोष्ट आहे. वही म्हणजे 1961 सालची एका कंपनीची डायरी, पुढे बरीच वर्षं वापरलेली. सुरुवातीच्या पानांवर शेर आणि छटाक, पुढच्या पानांवर किलो आणि ग्रॅम. देशात मेट्रिक वजनं 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली आणि 1962 पर्यंत सक्तीची झाली, त्याची खूण या पानांतही दिसते. शेर तरी कोणता? 80 तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. मुंबईचा जुना शेर त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. गोड्या मसाल्यात 'दगडफूल रुपयाभार' आहे. त्या काळचा रुपया एक तोळ्याचा, 11.66 ग्रॅमचा, घरात सहज हाती येणारं वजन. आजचा रुपया त्याच्या निम्म्याहूनही हलका आहे. तो तराजूत टाकून दगडफूल मोजलं तर मसाल्यात दगडफूल नावालाच उरेल. म्हणजे मोजमापाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना ज्या आकड्यांवर भरवसा वाटतो, तेच परंपरेत कच्चे निघतात, आणि 'खमंग' टिकून राहतं. लोणच्यात मात्र शेर कोणताही धरला तरी बिघडत नाही, कारण तिथे मोजलेलं आहे ते गुणोत्तर. भाजणीच्या वाटीचंही तसंच.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आहे: पाठमोरं उभं राहून "उतरव" म्हणणारी बाई घरात असेल तर वही हवी कशाला, आणि नसेल तर वही उपयोगाची काय? सगळं सविस्तर लिहून काढा, नाहीतर व्हिडिओ करा. व्हिडिओत रंग दिसतो, तडतड ऐकू येते, हे मान्य. पण पाऊण तास कापून दोन मिनिटांवर येतो आणि वास येतच नाही. सविस्तर लिहिण्याला माझा विरोध नाही, फक्त काय लिहावं याबद्दल मत आहे. मुलीनं त्या दिवशी वेळा टिपल्या होत्या. पुढच्या खेपेला, दुसऱ्या ऋतूत, दुसऱ्या दुकानाच्या डाळीला त्या लागू पडतीलच असं नाही. त्याऐवजी 'डाळ दाताखाली कुडुम वाजते', 'तांदूळ फुगून गुलाबी', 'उडीद: रंग दिसण्याआधी वास' असं लिहिलं तर ते सासूबाईंच्याच पद्धतीनं पुढे नेणं होईल. ज्यांच्या घरात अशी वही आणि ती लिहिणारी व्यक्ती दोन्ही आहेत, त्यांनी तिला "किती वेळ?" विचारण्यापेक्षा "कशावरून कळतं?" हे विचारावं. पहिल्या प्रश्नाला ती "होईपर्यंत" म्हणेल आणि ते खरंच असेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे तपशीलवार असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पाऊण तास हा कुणाचा तरी पाऊण तास आहे. वर्षाची भाजणी, मसाले, मेतकूट, लोणची, पापड यांत त्या पिढीतल्या बायकांचे किती दिवस गेले याचा हिशेब कुठल्याही वहीत नाही, आणि वहीचं कौतुक करताना तो विसरणं अन्याय आहे. बचत गटाच्या बायकांनी केलेली तयार भाजणी विकत आणणाऱ्या मुलीला कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. तिथेही कुणीतरी कढईपाशी उभी असते आणि तिला त्याचे पैसे मिळतात. पण वहीलाच परंपरेची रखवालदार ठरवू नये. या वहीत कष्ट वाचवण्याच्या जागा पानोपानी आहेत. कुकर घरात आल्यावर पुरणाच्या जुन्या कृतीवर काट मारून 'तीन शिट्ट्या' असं लिहिलं आहे. भाजणीच्या समासात बारीक अक्षरात 'मिलो चालते, जरा जास्त भाजावी' अशी नोंद आहे: 1972 च्या दुष्काळात रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी लोकांनी नाइलाजानं खाल्ली, आणि या बाईनं तिला भाजणीत बसवलं. मिलो किती जास्त भाजावी? 'जरा.' ज्वारी खमंग झाल्याचं जिला ओळखता येतं, तिला मिलोही ओळखता येईल, हा त्यातला भरवसा आहे. वेळ आणि आच ठरवून दिलेल्या कृतीला नव्या धान्यापुढे बोलायला काही नसतं.

आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. अशी वही असायला आधी बाईला लिहिता यायला हवं, घरात कोरी डायरी यायला हवी. छापील पुस्तकांचं तर त्याहून: लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र' 1910 चं, कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 चं, आणि मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या अन्नावर शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' यायला 2015 उजाडावं लागलं. मधल्या काळात ते अन्न शिजतच होतं, आणि ते शिजवणाऱ्यांचं ज्ञान कागदाच्या आधाराशिवाय एका पिढीकडून दुसरीकडे जात होतं. वह्यांना वारसा म्हणून मिरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण त्यातून माझा मुद्दा कमजोर होत नाही. कागद नसतानाही जे पोचलं ते याच मार्गानं पोचलं: शेजारी उभं राहून, वासावरून, दाताखाली दाणा घेऊन. वहीनं त्या मार्गाला फक्त विसरण्यासारख्या आकड्यांची जोड दिली.

वही कुठे खरोखरच अपुरी पडते तेही त्याच स्वयंपाकघरात दिसलं. मेतकुटाला 'हिंग हरभऱ्याएवढा' आहे. तो खड्याचा हिंग, उग्र. बाजारात सहसा मिळणाऱ्या बांधानी हिंगात मैदा आणि डिंक मिसळलेला असतो. हरभऱ्याएवढ्यानं काही होत नाही. इथे आकडा आहे, पण तो ज्या वस्तूचा आहे ती वस्तू बदलली, आणि दळल्यावरच जे कळणार ते आधी ओळखण्याची सोय नाही. सुनेनं आधी थोडंसंच मेतकूट मिक्सरवर दळलं, गरम मऊ भातावर घालून चाखलं, हिंग वाढवला, पुन्हा दळलं. मग मुलीला म्हणाली, "लिही तिथे, पुडीतला हिंग असेल तर अर्धा चमचा. आणि पुडीतला असं लिही हं, नुसतं हिंग नको." मुलीनं पेन्सिलीनं लिहिलं, आणि डाळी दळणाच्या डब्यात भरायला घेतल्या.