विवाहाचा दाखला आणि बालकाचे हित

विवाहित मातापित्यांची अपत्ये अविवाहित सहवासी जोडप्यांच्या अपत्यांपेक्षा सुस्थितीत वाढतात हे निरीक्षण खरे असले, तरी त्याचे श्रेय विवाहाच्या दाखल्याला द्यावे की तो घेणाऱ्यांच्या मूळच्या परिस्थितीला, हा प्रश्न ब्रिटनमध्ये ज्या चिकाटीने तपासला गेला, ती मला अनुकरणीय वाटते. २००० ते २००२ या काळात तेथे जन्मलेल्या सुमारे १९,००० बालकांची पाहणी त्यांच्या नवव्या महिन्यापासून सुरू झाली. तिसऱ्या वर्षी मुलापुढे चित्रे धरून एकेका वस्तूचे नाव विचारायचे, आणि त्याचा हट्ट, त्याची भीती, सवंगड्यांशी त्याचे वागणे यांविषयी आईकडून प्रश्नावली भरून घ्यायची, असा क्रम होता. लंडनच्या ‘इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज’च्या संशोधकांनी हे दप्तर पडताळले, तेव्हा विवाहितांच्या मुलांची आघाडी प्रथमदर्शनी स्पष्ट दिसली, परंतु मातापित्यांचे शिक्षण, मिळकत, घराची मालकी आणि गर्भधारणा योजिलेली होती की अनपेक्षित, या बाबी हिशेबात घेताच ती तफावत बव्हंशी मावळली. मूल पाच वर्षांचे होईतो विभक्त होण्याचे प्रमाण सहवासी जोडप्यांत सुमारे तिप्पट होते, तेही अंतर याच हिशेबाने पुष्कळ घटले.

असे असूनही एप्रिल २०१५ पासून तेथील सरकारने विवाहितांना आयकरात अल्पशी सूट दिली. तोच पैसा अल्पशिक्षित तरुण मातेचे शिक्षण पुरे करण्याकडे वळवला असता, तर तो तिच्या बालकाच्या अधिक उपयोगी पडला असता, असे माझे स्पष्ट मत आहे.