रुग्णवाहिकेतील आवाज

रुग्णवाहिकेचा भोंगा वाजतो तो रस्त्यावरील लोकांसाठी, आतील रुग्णासाठी नव्हे. परंतु त्या आवाजापासून दूर जाण्याची सोय जर कोणाला नसेल, तर ती रुग्णालाच. पादचाऱ्याच्या कानांवरून तो काही क्षणांत निघून जातो. रुग्णाला मात्र रुग्णालय येईपर्यंत तो सोसावा लागतो.

साधे संभाषण सुमारे ६० डेसिबेल पातळीवर चालते. भोंग्यापासून तीन मीटरवर हीच पातळी ११० ते १२० पर्यंत जाऊ शकते. डेसिबेलचे मोजमाप निराळे असते : दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. भारतातील २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्राची मर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबेल आहे. म्हणजे शांततेची ज्याला इतकी गरज मानली जाते, त्याला तेथे नेले जाते ते गोंगाटातून.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. तीव्र आवाजाने नाडी जलद होते आणि रक्तदाब वाढतो. शिवाय स्टेथॉस्कोपमधून येणारे हृदयाचे ठोके किंवा रुग्णाचे क्षीण शब्द परिचारकाला ऐकू येईनासे होतात.

आवाज आत शिरतो तो दोन वाटांनी. एक वाट हवेची : काचा आणि दारांच्या फटी. दुसरी गाडीच्या सांगाड्याची : टपावर बसवलेला भोंगा खालच्या पत्र्यालाच कंप देतो आणि सारा टप ढोलासारखा घुमू लागतो. म्हणून पहिला उपाय म्हणजे भोंगा टपावरून काढून गाडीच्या पुढील भागात, बंपरजवळ बसवणे. त्यामुळे रुग्णापासूनचे अंतर वाढते, मध्ये इंजिनाचा आडोसा येतो आणि आवाज जेथे हवा तेथे, म्हणजे पुढे जातो. दुसरा उपाय फटी रबराने बंद करण्याचा आणि भिंतींना योग्य अस्तर लावण्याचा. नुसता मऊ, सच्छिद्र थर आतील प्रतिध्वनी शोषतो. बाहेरचा आवाज अडवण्यास मात्र वजनदार थरच लागतो. खालच्या पट्टीतील स्वर तर त्यालाही सहजासहजी दाद देत नाहीत.

तिसरा उपाय चालकाच्या हाती आहे. रस्ता मोकळा असेल आणि नियमांची आडकाठी नसेल, तेव्हा भोंगा थांबवून केवळ दिव्यांवर काम भागवता येते. पण रस्ता मोकळा होणे इतरांवर अवलंबून असते. बाजूला सरण्यास लागणारा प्रत्येक क्षण भोंग्याचा आवाज लांबवतो आणि तो रुग्णाच्या वाट्याला येतो.