मुलांना विचारायचं राहूनच गेलं

भारतातल्या शाळकरी मुलांचं आरोग्य, त्यांची नाती, त्यांचं सुखदुःख मोजण्याच्या प्रयत्नांचा मागोवा घ्यायचा, तर २००७ पासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनं सीबीएसई शाळांतल्या १३ ते १५ वर्षांच्या मुलांचं सर्वेक्षण झालं. आहार, तंबाखू, मारामाऱ्या यांच्यासोबत त्यात एकटेपणाविषयी, मित्रांविषयी, आईवडील समजून घेतात का याविषयीही प्रश्न होते. त्याच वर्षी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा बाल अत्याचारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. बहुतेकांनी तोवर कुणाजवळही अवाक्षर काढलं नव्हतं. विचारलं, तेव्हा मुलं बोलली.

पुढच्या वर्षांत मात्र आपण मुख्यतः शरीर मोजत राहिलो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्ये सुरू झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, म्हणजे आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्याच जिल्ह्यात. वर्षातून एकदा पथक शाळेत येतं. डोळे, दात, हृदय तपासतं. या तपासणीचं मोल मोठं आहे. वेळेत सापडलेला हृदयदोष मुलाचं आयुष्य वाचवतो. जानेवारी २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. त्यातून चालणाऱ्या ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये समुपदेशन मिळतं, पण तिथं मुलानं आपल्या पायांनी जायचं असतं. ओळखीचं कुणी पाहील, घरी कळेल, या धास्तीनं पंधरा वर्षांची मुलगी सरकारी दवाखान्याच्या दारातूनच परत फिरू शकते.

मोजमापाची पद्धतही आकडे बदलते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमधला रक्तक्षय २०१५-१६ मध्ये ४९.७ टक्के होता. २०१९-२१ मध्ये तो ५७.२ टक्क्यांवर गेला. तिथं बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर तपासणी झाली. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं गेलं, वयोगटही १० ते १९ असा मोठा होता. तिथं देशभरातल्या मुलींचं प्रमाण ४० टक्के निघालं. रक्ताच्या बाबतीत इतकी काळजी घ्यावी लागते, तर मनाविषयीचा प्रश्न कुणी, कुठं, कोणत्या भाषेत विचारला यानं किती फरक पडत असेल!

२०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या ११ विषयांत भावनिक स्वास्थ्य आणि परस्पर नातेसंबंध यांना जागा मिळाली. २०२२ च्या सुरुवातीला एनसीईआरटीनं सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्वास्थ्याविषयी विचारलं. नाव लिहिणं ऐच्छिक होतं. ८१ टक्के मुलांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा, निकाल यांकडे बोट दाखवलं. पण हे चित्र देशाचं. त्यातून बदलापूरच्या आठवीतलं मूल दिसत नाही.

आणि ते दिसायला हवं, कारण इथलं बालपण वेगळं आहे. बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये १ लाख ७४ हजार झाली. सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. आईबाबा सकाळची लोकल पकडून जातात आणि रात्री परततात. उल्हासनगरच्या कॅम्पांत घराला लागून कारखाने आहेत, घरात सिंधी, मराठी, हिंदी बोलली जाते. संध्याकाळी मुलाच्या मनातलं ऐकायला घरात कोण असतं, हा इथला खरा आरोग्याचा प्रश्न आहे.

युरोप आणि कॅनडातला शालेय मुलांचा अभ्यास १९८० च्या दशकापासून साधारण दर चार वर्षांनी ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना हेच विचारतो: मनाला लागलेली गोष्ट आईशी, वडिलांशी बोलणं सोपं जातं का? वर्गातली मुलं त्रास देतात का? स्वतःच्या आयुष्याला दहापैकी किती गुण द्याल? भारत त्यात नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. त्यानंतर राज्य सरकारनं शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले. मुलांच्या सुरक्षेसाठी शाळांमध्ये नेमायच्या सखी सावित्री समित्यांचा आदेश तर मार्च २०२२ चाच होता. कॅमेरा हवाच, पण भीती, छळ, एकटेपण त्यात टिपलं जात नाही. ते मुलाच्या तोंडूनच कळतं.

म्हणून एक मागणी. उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपालिका यांनी मिळून दर चार वर्षांनी आपल्या सगळ्या माध्यमांच्या शाळांत मुलांना विचारावं. निनावी, मुलांच्या भाषेत, पालकांना आधी सांगून. शाळांची क्रमवारी लावू नये. आणि प्रश्नावली वाटण्याआधी समुपदेशक नेमावेत, कारण मूल बोललं आणि पुढं काहीच झालं नाही, तर ते पुन्हा बोलणार नाही.